जबड्याच्या पुनर्बांधणीतील अस्थिरोपण साहित्य

जबड्याच्या पुनर्बांधणीतील अस्थिरोपण साहित्य म्हणजे अपघात, कर्करोग, जंतुसंसर्ग, जन्मजात व्यंग किंवा दात गमावल्यानंतरची झीज यांमुळे जबड्याचे हाड उणे झाले असता ती उणीव भरून काढण्यासाठी वापरले जाणारे हाड किंवा हाडाला पर्यायी असा पदार्थ. मुखशल्यचिकित्सा, दंतरोपणशास्त्र, कर्करोग शल्यचिकित्सा आणि सुघटन शल्यचिकित्सा या शाखांत या साहित्याचा उपयोग होतो. उगमानुसार त्याचे चार मुख्य प्रकार मानले जातात : रुग्णाचे स्वतःचे हाड, दुसऱ्या मानवाचे हाड, प्राण्यापासून मिळवलेले हाड आणि कृत्रिम पदार्थ. यांपैकी कोणताही एक प्रकार सर्व प्रसंगी श्रेष्ठ ठरत नाही. उणीव किती मोठी आहे, त्या जागी रक्तपुरवठा कसा आहे, रुग्णाचे वय काय आणि पुढे त्या हाडावर दात बसवायचे आहेत काय, यांवर निवड अवलंबून असते.

जबड्याच्या हाडाचे वैशिष्ट्य

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो. हे खनिज मुख्यतः हायड्रॉक्सीॲपॅटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असते. उरलेल्या भागात कोलॅजेन हे प्रथिन, पाणी व पेशी असतात. खनिजामुळे हाडाला कठीणपणा येतो, तर कोलॅजेनमुळे चिवटपणा.

खालचा जबडा हे चेहऱ्यातील एकमेव ठळकपणे हालणारे हाड आहे. चावण्याचा भार ते सोसते आणि जीभ व घशाचे काही स्नायूही त्यालाच जोडलेले असतात. हनुवटीकडील भाग काढून टाकल्यास जिभेचा पुढचा आधार जातो, तोंडातून लाळ गळते, बोलणे अस्पष्ट होते आणि जीभ मागे सरकल्यास श्वासालाही अडथळा येऊ शकतो. वरचा जबडा नाकाची पोकळी, डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि टाळू यांच्या घडणीत भाग घेतो. त्याचा भाग गेल्यास अन्न व पाणी नाकात शिरते. म्हणून जबड्याची पुनर्बांधणी ही केवळ चेहऱ्याच्या सौंदर्याची बाब नाही. खाणे, बोलणे व श्वास घेणे या मूलभूत क्रियांशी ती निगडित आहे.

दातांच्या मुळांना धरून ठेवणारे हाड दातांच्या वापरावर टिकून असते. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि यातील मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच घटतो. वयस्कर माणसांची हनुवटी व नाक जवळ आल्यासारखी दिसतात, त्याचे कारण हीच झीज होय.

रोपित हाड कसे रुजते

अस्थिरोपणाचे यश तीन गुणधर्मांवर अवलंबून असते.

पहिला गुणधर्म अस्थिनिर्मितीचा. रोपासोबत आलेल्या जिवंत पेशी स्वतः नवे हाड तयार करतात. हा गुण फक्त रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडात असतो.

दुसरा गुणधर्म अस्थिप्रेरणेचा. रोपातील काही प्रथिने आजूबाजूच्या अविकसित पेशींना हाड बनवणाऱ्या पेशी होण्यास प्रवृत्त करतात. अमेरिकन शल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले की, खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड तयार होते. या परिणामामागील प्रथिनांना पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असे नाव मिळाले.

तिसरा गुणधर्म अस्थिवहनाचा, म्हणजे आधाराचा. द्राक्षाच्या वेलीला जसा मांडव, तसा रोपाचा सच्छिद्र सांगाडा नव्या रक्तवाहिन्यांना व पेशींना पसरण्यास आधार देतो. मांडव स्वतः वाढत नाही आणि वेल जिवंत नसेल तर त्याचा उपयोगही होत नाही. त्याचप्रमाणे केवळ आधार देणारे साहित्य भोवतालचे हाड निरोगी असेल तेव्हाच उपयोगी पडते.

रोप बसवल्यानंतर अस्थिभंजक पेशी त्याचा काही भाग विरघळवतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी रुग्णाचे नवे हाड घालतात. ही अदलाबदल काही महिने ते काही वर्षे चालते. रोप नवे हाड तयार होण्याआधीच विरघळले तर जागा पोकळ राहते. मुळीच विरघळले नाही तर परका पदार्थ कायम उरतो. चांगल्या साहित्याची कसोटी या दोन वेगांच्या मेळात असते.

इतिहास

हॉलंडमधील शल्यचिकित्सक योब फान मेकरेन यांच्या १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रशियन सैनिकाच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवल्याची हकीकत आहे. प्राणिजन्य हाडाच्या रोपणाची ही सर्वांत जुनी लिखित नोंद मानली जाते. स्कॉटलंडमध्ये विल्यम मॅक्युएन यांनी १८८० च्या सुमारास एका मुलाच्या दंडाचे हाड इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे वापरून पुन्हा उभे केले. पोकळी भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसचा वापर ड्रेसमान यांनी १८९२ मध्ये नोंदवला.

चेहऱ्याच्या पुनर्रचनेच्या इतिहासात पुण्याचेही नाव येते. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा घडवण्यात आले. त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. मात्र ही शस्त्रक्रिया त्वचेची होती. तीत हाडाचे रोपण नव्हते.

पहिल्या महायुद्धात खंदकातील लढाईमुळे जबड्याच्या जखमांचे प्रमाण वाढले. इंग्लंडमधील सिडकप येथील रुग्णालयात हॅरॉल्ड गिलीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सैनिकांवर अस्थिरोपणासह अनेक शस्त्रक्रिया केल्या. १९४९ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने ऊतिपेढी स्थापन केली आणि मृत दात्यांचे हाड गोठवून व शुष्क करून साठवण्याचे तंत्र रूढ झाले. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयन टेलर यांनी रक्तवाहिनीसह फिब्युला हे हाड दुसऱ्या जागी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी ती खालच्या जबड्यासाठी वापरली. जबड्याच्या मोठ्या पुनर्बांधणीत आज हीच पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.

साहित्याचे प्रकार

स्वतःचे हाड

यास ऑटोग्राफ्ट म्हणतात. वर सांगितलेले तिन्ही गुणधर्म एकत्र असणारे हे एकमेव साहित्य होय. शरीर ते नाकारत नाही आणि त्यातून दुसऱ्याचा रोग येण्याची भीती नसते. त्यामुळे इतर सर्व साहित्यांची तुलना याच्याशी केली जाते.

लहान उणिवेसाठी हनुवटी किंवा खालच्या जबड्याचा मागचा भाग यांतून हाड घेतात. अधिक हाड हवे असल्यास कमरेच्या हाडाची कड, बरगडी, नडगीचे वरचे टोक किंवा कवटीचा बाहेरील थर यांचा वापर होतो. कमरेच्या हाडातील स्पंजासारखा मऊ भाग पेशींनी समृद्ध असल्याने लवकर रुजतो. कवटीचे हाड घट्ट असल्याने त्याची झीज तुलनेने कमी होते.

या साहित्याची मुख्य अडचण म्हणजे दुसरी जखम. कमरेचे हाड घेतल्यावर काही काळ चालताना दुखते. हनुवटीचे हाड घेतल्यावर खालचे दात किंवा ओठ बधिर होऊ शकतात. उपलब्ध हाडाला मर्यादा असते आणि रोपित हाडाचा काही भाग झिजून जातो.

रक्तवाहिनीसह हाड

हाडाचा तुकडा त्याच्या धमनी व शिरेसह उचलून, त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या जातात. असे हाड पहिल्या दिवसापासून जिवंत राहते. ते हळूहळू बदलले जाण्याऐवजी मोडलेल्या हाडाप्रमाणे सांधले जाते.

यासाठी फिब्युला, म्हणजे पोटरीच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड, विशेष सोयीचे असते. शरीराचा भार प्रामुख्याने नडगीचे जाड हाड पेलत असल्याने, गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा भाग शाबूत ठेवून मधला सुमारे २० ते २५ सेंटिमीटरचा तुकडा घेता येतो. जबड्याच्या वळणाप्रमाणे त्याला काप देता येतात, तसेच सोबतची त्वचा तोंडातील अस्तरासाठी वापरता येते. या हाडाची उंची मूळ जबड्यापेक्षा कमी असते, म्हणून काही वेळा त्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवतात. पर्याय म्हणून कमरेचे हाड किंवा खांद्याच्या फऱ्याची कड वापरली जाते. शस्त्रक्रियेला अनेक तास लागतात आणि पहिल्या काही दिवसांत जोडलेली वाहिनी गोठली तर संपूर्ण रोप धोक्यात येते. अनुभवी केंद्रांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे.

मानवी दात्याचे हाड

यास ॲलोग्राफ्ट म्हणतात. मृत दात्याकडून, किंवा खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या हाडाच्या रूपात जिवंत दात्याकडून ते मिळते. रक्ततपासणी, धुणे, गोठवून शुष्क करणे आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करणे या टप्प्यांतून गेल्यावर ते वापरले जाते. किरणांची मात्रा सर्वसाधारणपणे २५ किलोग्रे असते. या प्रक्रियेत पेशी नष्ट होतात आणि आधाराचा गुण उरतो. खनिज काढून टाकलेल्या हाडात अस्थिप्रेरणेचा गुण काही अंशी राहतो, परंतु तो दात्याचे वय व प्रक्रियेची पद्धत यांनुसार बदलतो.

हाडाच्या रोपणातून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची घटना अमेरिकेत १९८८ मध्ये नोंदवली गेली. त्यानंतर दात्यांच्या तपासणीचे नियम अधिक कडक झाले. योग्य प्रक्रिया केलेल्या शुष्क हाडातून संसर्ग होण्याची शक्यता आज अत्यल्प मानली जाते.

प्राणिजन्य हाड

यास झेनोग्राफ्ट म्हणतात. बहुतेक वेळा ते गोवंशीय प्राण्याच्या हाडापासून तयार करतात. काही उत्पादने वराह किंवा घोडा यांपासूनही बनतात. उष्णता व रसायने वापरून सेंद्रिय भाग काढला जातो आणि नैसर्गिक सच्छिद्र खनिज शिल्लक राहते. त्याची रचना मानवी हाडाशी जवळची असते. ते अत्यंत हळू विरघळते व अनेक वर्षांनंतरही त्याचे कण हाडात दिसतात. त्यामुळे आकार टिकवण्यासाठी ते चांगले, परंतु संपूर्णपणे स्वतःच्या हाडात रूपांतर होण्याच्या दृष्टीने उणे ठरते.

कृत्रिम पदार्थ

यांस ॲलोप्लास्ट म्हणतात. कृत्रिम हायड्रॉक्सीॲपॅटाइट फारच मंद गतीने झिजते. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट बहुधा सहा महिने ते दीड वर्षात विरघळते. दोहोंचे मिश्रण करून वेग साधता येतो. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे शुद्ध स्वरूपातील प्लास्टर, काही आठवड्यांतच नाहीसे होते. जैवक्रियाशील काच १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी फ्लोरिडा विद्यापीठात तयार केली. तिच्या पृष्ठभागावर शरीरात खनिजाचा थर बसतो आणि हाड त्याला चिकटते. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने कॅल्शियम फॉस्फेटवर आधारित सिरॅमिक साहित्य विकसित केले आहे.

कृत्रिम पदार्थांत रोगसंक्रमणाचा धोका नसतो आणि पुरवठा अमर्याद असतो. परंतु त्यांत पेशी नसतात, ते ठिसूळ असतात आणि चावण्याचा भार एकट्याने पेलू शकत नाहीत.

साहाय्यक साहित्य

प्रयोगशाळेत तयार केलेल्या बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये मणक्याच्या आणि २००७ मध्ये जबड्याच्या ठरावीक शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. त्याची किंमत फार असून वापरानंतर मोठी सूज येऊ शकते. रुग्णाचे रक्त यंत्रात फिरवून मिळवलेला, प्लेटलेट व फायब्रिन यांनी युक्त साका मऊ ऊती भरून येण्यास साहाय्य करतो. हा साका स्वतः हाडाची जागा घेत नाही. रोपावर पडदा अंथरल्यास वेगाने वाढणाऱ्या हिरडीच्या पेशी हाडाच्या जागेत शिरत नाहीत.

तुलना

| साहित्य | जिवंत पेशी | अस्थिप्रेरणा | झिजण्याचा वेग | मुख्य गुण | मुख्य मर्यादा |
|---|---|---|---|---|---|
| स्वतःचे हाड | आहेत | आहे | मध्यम | तिन्ही गुणधर्म | दुसरी जखम, मर्यादित साठा |
| रक्तवाहिनीसह स्वतःचे हाड | आहेत | आहे | अल्प | मोठ्या उणिवेत व किरणोपचारानंतर उपयुक्त | दीर्घ शस्त्रक्रिया, तज्ज्ञांची गरज |
| मानवी दात्याचे हाड | नाहीत | काही अंशी | मध्यम | दुसरी जखम नाही | दाते व पेढ्या कमी |
| प्राणिजन्य हाड | नाहीत | नाही | अत्यंत मंद | आकार टिकतो | कण दीर्घकाळ उरतात, धार्मिक आक्षेप |
| कृत्रिम पदार्थ | नाहीत | बहुधा नाही | प्रकारानुसार | रोगसंक्रमण नाही | भार पेलत नाही |

प्रसंगानुसार निवड

दात काढलेल्या जागी किंवा वरच्या जबड्यातील सायनसखाली थोडे हाड वाढवायचे असल्यास प्राणिजन्य, दात्याचे किंवा कृत्रिम साहित्य पुरेसे ठरते, कारण चहूबाजूंनी जिवंत हाडाच्या भिंती असतात. दंतरोपणासाठी त्यानंतर काही महिने थांबावे लागते. हाडाची उंची किंवा रुंदी भिंतींच्या आधाराविना वाढवायची असल्यास स्वतःच्या हाडाचा ठोकळा अधिक भरवशाचा असतो.

दुभंगलेला ओठ व टाळू असलेल्या मुलांत हिरडीच्या हाडातही भेग असते. सुळा उगवण्यापूर्वी, साधारणपणे ८ ते ११ वर्षांच्या वयात, ही भेग कमरेच्या मऊ हाडाने भरतात. येथे साहित्याच्या निवडीचे महत्त्व विशेष स्पष्ट होते. स्वतःचे हाड रुजल्यावर सुळा त्यातून वाट काढून उगवतो. न विरघळणारा कृत्रिम पदार्थ भरल्यास तोच त्याच्या मार्गात अडथळा ठरतो.

लहानपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाच्या संसर्गाने जबड्याचा सांधा जखडलेल्या मुलांत कूर्चेसह बरगडी बसवतात. तिच्यात वाढीची क्षमता असते. परंतु ती वाढ कधी कमी तर कधी प्रमाणाबाहेर होते.

खालच्या जबड्यातील उणीव सुमारे ६ सेंटिमीटरहून अधिक असेल, किंवा त्या जागी किरणोपचार झाला असेल अथवा होणार असेल, तर रक्तवाहिनीसह हाड घेणे योग्य समजले जाते. किरणांमुळे स्थानिक रक्तवाहिन्या कमी होतात आणि उसना रक्तपुरवठा नसलेले रोप जगत नाही. केवळ टायटॅनियमची पट्टी बसवल्यास शस्त्रक्रिया लवकर आटोपते. परंतु कालांतराने पट्टी त्वचेतून उघडी पडणे किंवा मोडणे असे प्रकार घडतात.

अपयशाची कारणे

रोपाची हालचाल, वरील हिरडी उसवून रोप उघडे पडणे आणि जंतुसंसर्ग ही अपयशाची प्रमुख कारणे आहेत. तंबाखूचे सेवन व अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम भरण्यास विलंब होतो. अस्थिक्षय किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी दिली जाणारी काही औषधे हाडाची अदलाबदल मंदावतात. त्यांमुळे जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची माहिती वैद्यांना देणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे एक ठळक कारण तंबाखूजन्य मुखकर्करोग हे आहे. गुटखा, मावा आणि चुन्यासह तंबाखू यांबरोबरच ग्रामीण स्त्रियांत दातांना मशेरी लावण्याची सवय आढळते. तंबाखू गाल व हिरडी यांच्यामध्ये दीर्घकाळ राहत असल्याने गालाच्या आतील भागाचा व हिरडीचा कर्करोग भारतात अधिक आढळतो. तो जबड्याच्या हाडाला लवकर भिडतो आणि हाडाचा भाग काढणे भाग पडते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घालण्यात आली.

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मुखकर्करोगानंतरच्या जबडा पुनर्बांधणीचे ते देशातील प्रमुख केंद्र आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने तेथे १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. तिच्या उभारणीत ॲस्ट्रिड लोबो गजीवाला यांचा प्रमुख वाटा आहे. गॅमा किरणांनी वैद्यकीय वस्तू निर्जंतुक करणारे ‘आयसोमेड’ हे केंद्र तुर्भे येथे १९७४ पासून कार्यरत असल्याने, हाड व गर्भवेष्टन यांच्यावर प्रक्रिया करून ती रुग्णालयांना पुरवण्यास पोषक पार्श्वभूमी लाभली. मुंबईत शासकीय दंतमहाविद्यालय व नायर रुग्णालय दंतमहाविद्यालय, तर नागपूर येथे शासकीय दंतमहाविद्यालय या सार्वजनिक संस्थांत मुखशल्यचिकित्सेचे विभाग आहेत.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. अनेक रुग्णांचा वरचा जबडा काढावा लागला. बुरशीची बाधा असताना रोपण करता येत नसल्याने प्रथम कृत्रिम टाळू बसवून भोक बंद करण्यात येते आणि रोग पूर्णपणे गेल्याची खात्री झाल्यावर फिब्युलाचे रोपण किंवा गालाच्या हाडात आधार घेणारे दंतरोपण यांचा विचार केला जातो.

ग्रामीण भागात अंतर व खर्च हे निवडीचे निकष ठरतात. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावातील रुग्णास प्राथमिक तपासणी मंचर येथे करता येते. रोपणाच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र पिंपरी, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. रक्तवाहिनीसह हाड बसवल्यानंतरचे निरीक्षण, जखमेची देखभाल, किरणोपचार व शेवटी दात बसवणे यांसाठी वारंवार फेऱ्या होतात. कर्करोग शस्त्रक्रियांचा समावेश असलेली राज्य शासनाची आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. जबडा उभा राहिला तरी त्यावर दात बसवण्याचा टप्पा खर्चामुळे अनेकदा मागे पडतो आणि चावण्याची क्षमता परत मिळवण्याचे काम अपुरे राहते.

कायदेशीर व नैतिक बाजू

मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ हा प्रथम महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचा समावेश झाला. त्यामुळे हाड घेणाऱ्या व साठवणाऱ्या पेढ्यांना नोंदणी आवश्यक ठरते. मृत्यूनंतर नेत्रदानाची कल्पना महाराष्ट्रात बरीच रुजली आहे. अस्थिदानाविषयी मात्र माहिती अल्प आहे. हाड काढल्यानंतर त्या जागी आधार देऊन देह पूर्ववत आकारात नातेवाइकांकडे सोपवला जातो.

प्राणिजन्य साहित्य वापरताना त्याचा उगम रुग्णास आधी सांगणे आवश्यक मानले जाते. गोवंशीय हाडाला अनेक हिंदू व जैन रुग्णांचा, तर वराहजन्य हाड किंवा कोलॅजेन पडद्याला मुस्लिम व ज्यू रुग्णांचा आक्षेप असू शकतो. उत्पादनाच्या व्यापारी नावावरून उगम समजत नाही. शाकाहारी रुग्णासाठी कृत्रिम साहित्य, दात्याचे हाड किंवा स्वतःचे हाड हे पर्याय उपलब्ध असतात. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रोप कशापासून बनले आहे, ते किती काळ शरीरात राहील आणि दुसरा पर्याय कोणता, हे तीन प्रश्न विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे.

हेही पहा

अस्थी
दंतरोपण
मुखकर्करोग
म्युकरमायकोसिस
देहदान
टाटा स्मारक रुग्णालय